चिक्कीतलं नख

आमच्या गिटार मंडळात एक नियम आहे. पोटापाण्यासाठी काय करता, हे कोणी कोणाला विचारायचं नाही. तारा कुठल्या, लाकूड कुठलं, हे तासभर विचारा. नोकरीचा विषय निघाला की आमच्यातला प्रत्येकजण एकदम तारा जुळवायला लागतो.

दर रविवारी सकाळी कुसगावातल्या एका बंगल्याच्या व्हरांड्यात आम्ही तिघं जमतो. बंगला दातांच्या डॉक्टरांचा. लोणावळ्याच्या बाजारात त्यांचा दवाखाना आहे, पण ओळख करून देताना ते फक्त 'मी गिटार वाजवतो' एवढंच म्हणतात. समोरच्याची दाढ दुखत असेल तरच पुढचं सांगतात. दुसरे आंबीच्या कारखान्यात रबराचे वॉशर काढणाऱ्या यंत्रांवर शिफ्ट इनचार्ज. "मी मूळचा गिटारवाला, कारखाना आपला मधल्या वेळेत," असं ते म्हणतात. हा मधला वेळ आठवड्यातले सहा दिवस असतो. तिसरा मी, चिक्कीच्या कारखान्यातला स्वच्छता सुपरवायझर. तिघांना मिळून साडेचार गाणी येतात. उरलेलं अर्धं डॉक्टर बसवतायत, त्याला आता दोन वर्षं झाली.

पिक, म्हणजे तारा छेडायची प्लास्टिकची चकती, न घेता बोटांनी वाजवायचं तर उजव्या हाताची नखं वाढवावी लागतात आणि डाव्या हाताची कापावी लागतात. डॉक्टरांचं सोपं आहे, त्यांचे हात दिवसभर मोज्यात. माझं काम मात्र असं, की सकाळी आठ वाजता कारखान्याच्या दारात उभं राहून पंचवीस बायकांची नखं तपासायची. जिची वाढलेली दिसतील तिचं नाव रजिस्टरात लिहायचं. खिशात नेलकटर असतो, तिथल्या तिथे कापायला लावायची. हे सगळं मी उजव्या हातात हातमोजा घालून करायचो. सहा वर्षं. सगळ्यांना वाटायचं, काय काटेकोर माणूस आहे. मलाही हळूहळू तसंच वाटायला लागलं होतं.

मग कार्ल्याच्या एका रिसॉर्टवाल्यानं आम्हाला बोलावलं. रविवारी सकाळी पाहुण्यांच्या नाश्त्याच्या वेळी वाजवायचं, हळू, पोहे संपेपर्यंत. परक्या माणसांसमोर वाजवायची आमची पहिलीच वेळ. शिफ्ट इनचार्जनी त्यासाठी नवा शर्ट शिवला. आणि नेमकं गुरुवारी, शटर ओढताना माझ्या उजव्या अंगठ्याचं नख पार बोटालगत मोडलं. डॉक्टरांना फोन केला. पलीकडून त्यांनी कोणी गेल्यासारखा सुस्कारा टाकला आणि म्हणाले, "या, आत्ताच्या आत्ता या."

यावरचा उपाय गिटार वाजवणाऱ्यांना जगभर ठाऊक आहे. टेबल टेनिसच्या चेंडूचा तुकडा कापायचा आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदानं नखावर बसवायचा. डॉक्टरांनी तो तुकडा कवळीचे दात घासायच्या यंत्रावर घासून असा काही आकाराला आणला, की खरं नख लाजावं. खुर्चीत एक पेशंट भूल दिलेला जबडा उघडा टाकून हे सगळं बघत होता. "दोन आठवडे हलणार नाही," डॉक्टर म्हणाले, "माझ्या कवळीपेक्षा पक्कं बसवलंय." त्यांच्या कवळ्यांबद्दल बाजारात काय बोलतात, ते मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

शनिवारी कारखान्यात गूळ-शेंगदाण्याचा घाणा चालू होता. ओट्यावर पसरलेला गरम थर कापायला आला की नाही, हे अंगठ्यानं दाबून बघायचं असतं. मोज्यातून ते कळत नाही. म्हणून ओट्याशी गेलो की मी तेवढ्यापुरता मोजा काढायचो, बाकीची बोटं मुठीत मिटून थर दाबायचो आणि परत घालायचो. त्या दिवशीही तेच केलं.

तासाभरानं पॅकिंगच्या टेबलावरची एक बाई ओरडली. चिक्कीच्या वडीत नख होतं. अख्खं, अंगठ्याच्या नखाएवढं. मोज्यातल्या मोज्यात मी माझा अंगठा चाचपला. नख जागेवर नव्हतं. खरं सांगायचं तर पहिली भीती नोकरीची नव्हतीच. उद्या वाजवणार कसं, हे आधी मनात आलं. इतका मी कलावंत.

शेठ आले. त्यांनी सगळ्या बायकांना रांगेत उभं केलं आणि माझं रजिस्टर मागितलं. आदल्या आठवड्याच्या पानावर एकच नाव होतं, थर कापणाऱ्या मावशीचं. मावशी कार्ल्याच्या वरच्या डोंगरातल्या वाडीवरून चालत येते. पुतणीच्या लग्नात तिच्या नखांना कोणीतरी लाल रंग लावला होता, तो पुरता निघाला नव्हता, म्हणून मी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. 'नखांची अस्वच्छता' असा शेरा माझ्याच वळणदार अक्षरात होता.

"हिचंच आहे," शेठ म्हणाले. "लग्नात पार्लरमधून नकली नखं लावून आली असेल. उद्यापासून येऊ नको."

"आमच्या वाडीवर यष्टी येत न्हाई शेठ," मावशी म्हणाली, "पार्लर कुटनं यील?"

मागे कोणीतरी हसलं. मावशी हसली नाही. तिनं दोन्ही हात टेबलावर पसरले. नखं मांसाच्या आत गेलेली, बोटांच्या टोकांना पाकाचे जुने डाग. "बारा वर्सं ह्यो थर कापतीय. नख वाढाया जागा हाय का हितं?" मग ती माझ्याकडे वळली. "भाऊ, तुमी रोज बगता माझी नखं. तुमी सांगा."

मी रजिस्टर बंद केलं, परत उघडलं आणि म्हणालो, "बघावं लागेल." काय बघायचं होतं, देव जाणे.

मावशीनं मान हलवली. डोक्यावरची जाळीची टोपी काढली, अ‍ॅप्रन काढला आणि त्याची घडी घालायला लागली. काठाला काठ जुळवून घातली. ती घडी होईपर्यंत मी गप्प होतो, याची मला आजही लाज वाटते. घडी टेबलावर ठेवून ती निघाली, तेव्हा कुठे मी मोजा काढला.

चार बोटांची घासून-पुसून चकचकीत केलेली नखं आणि अंगठ्यावर वाळलेला गोंद. "माझं आहे," मी म्हणालो. "गिटारसाठी."

शेठ माझ्या हाताकडे बघत राहिले आणि मग हसले. "अहो, गिटार वाजवता? सांगायचं नाही का कधी? पुढच्या महिन्यात नातवाचा वाढदिवस आहे, या की." घाणा फेकून दिला. मावशीला शेठनी 'जा, लाग कामाला' म्हटलं. माझं नाव रजिस्टरात कोणी लिहिलं नाही, कारण ते लिहायचं काम माझंच होतं. नख मावशीचं असतं तर तिची नोकरी जात होती. माझं निघालं, तर मला केक खायचं आमंत्रण आलं.

रविवारी कार्ल्याला मी मुकाट्यानं पिक घेऊन वाजवलं. चौथं गाणं चालू असताना एका पाहुण्यानं मला चहात साखर कमी असल्याचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, पिकनं तुमचा स्वर अगदीच कोरडा येतो. म्हणून घरी येऊन सोमवारच्या तपासणीसाठी बाकीची नखं कापताना अनामिकेचं तेवढं ठेवलं. एकानं काय होतंय, म्हटलं.

सोमवारी आठ वाजता मी दारात उभा राहिलो. बायका एकेक करून हात दाखवून आत जात होत्या. मावशीची पाळी आली. तिनं हात पाठीमागे धरले.

"आदी तुमचा," ती म्हणाली.

मी मोजा काढला. तिनं माझा हात उलटसुलट करून बघितला, अगदी मी त्यांचे बघतो तसा, आणि अनामिका चिमटीत धरली. "ह्ये र्‍हायलं."

मागे रांग थांबली होती. मी खिशातून नेलकटर काढला आणि सगळ्यांसमोर ते नख कापलं. पडलेला तुकडा मावशीनं पायानं दाराबाहेर सरकवला. मग तिनं दोन्ही हात माझ्यापुढे धरले.

"आता बगा," म्हणाली.