रुखमाबाईचं पथ्य

रुखमाबाईचं कोणाशी पटत नसे, आणि पटावं अशी तिची इच्छाही नव्हती. कोराडीच्या कॉलनीत तिचा पहिला दावा राखेशी. वाळत घातलेल्या लुगड्यावर वीज केंद्राची राख बसली की ती गॅलरीत उभी राहून थेट चिमणीला शिव्या घाली. चिमणी काही ऐकत नसे, मग भाजीवाला, दूधवाला, बसचा कंडक्टर, जो समोर येईल तो धारेवर. नवरा रुपराव वीज केंद्रात नोकरीला असतानाच गेला. मुलगा अमोल त्याच्या जागी लागेपर्यंत तिने लोकांच्या घरी पोळ्या लाटून दिवस काढले, आणि त्या दिवसांत ज्याने ज्याने तोंड फिरवलं त्याला आजतागायत पाण्यात पाहिलं. माया होती ती एकट्या अमोलवर, आणि तीही अशी की पोराचा जीव गुदमरावा.

अशा घरात कामिनी सून म्हणून आली. धरमपेठेतल्या साडीच्या दुकानात काउंटर सांभाळणारी, बसने जाणारी, उलट उत्तर देणारी. म्हणजे भांडणाला आता घराबाहेर जायची गरज उरली नाही.

त्यात कामिनीच्या भावाचं लग्न झालं. अमोल तिथे पनीर, पुऱ्या, गुलाबजाम असं पोटभर जेवला आणि दुसऱ्या दिवशी पोट धरून लोळायला लागला. कळ पोटातून थेट पाठीत जात होती. धंतोलीतल्या दवाखान्यात डॉक्टर नंदिनींनी सगळ्यांना समोर बसवून समजावलं. पित्ताच्या पिशवीत खडे आहेत. तेलातुपाचं जड जेवण झालं की पिशवी आवळते, एखादा खडा घसरतो, नळीच्या तोंडाशी अडकतो, आणि मग स्वादुपिंडाला सूज येते. तेव्हा तेलतूप बेताने खा. पण पथ्याने खडे विरघळत नाहीत, पिशवी काढावीच लागेल, आणि लवकर. नाहीतर पुन्हा दुखेल, आणि पुढच्या वेळी ते जिवावर बेतू शकतं.

रुखमाबाईने यातलं तेलतूप तेवढं ऐकलं. तिला आरोपी सापडला होता, बाकीचं ऐकायची गरजच काय?

"तुह्या माहेरच्या तेलानं माह्या पोराले आडवं केलं," तिने दवाखान्याच्या पायऱ्यांवरच सुनेला सुनावलं. त्या दिवसापासून तिने कामिनीच्या हातचं खाणं बंद केलं. आपली चूल वेगळी, आपली भांडी वेगळी. ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा तिने अमोलला समोर बसवलं आणि आवाज न चढवता सांगितलं, "तू टेबलावर झोपला त् मी अन्न सोडीन. मंग तुह्या बायकोच्या हातानं मले पाणी पाज."

अमोल वीज केंद्रात धडधडत्या मशिनरीला भीत नसे, आईला भीत असे. त्याने तारीख पुढे ढकलली. पुढे ढकलली ती ढकललीच.

मग सुरू झालं रुखमाबाईचं पथ्य. उकडलेला दुधी, वरणाचं पाणी, कोरडी भाकर. सोमवारी उपास, गुरुवारी उपास, आणि उपासाला साबुदाणासुद्धा नाही, नुसतं ताक. अमोलचा पट्टा आत आत जायला लागला, तसतशी रुखमाबाई कॉलनीभर सांगत सुटली की डॉक्टरीण कापायला निघाली होती, पाहा, मी घरच्या घरी बरं केलं. कामिनी म्हणे, हे बरं होणं नाही, ही उपासमार आहे, आणि खडे अजून आतच आहेत. एकदा तिने डॉक्टरांनी चालेल म्हटल्याप्रमाणे वरणाला चमचाभर तेलाची फोडणी दिली. रुखमाबाईने ती वाटी मोरीत उपडी केली आणि म्हटलं, "विधवा व्हाची घाई झाली काय वं तुले?"

कामिनीने बॅग भरली आणि ती सावनेरला माहेरी निघून गेली. रुखमाबाईला त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी जेवण गोड लागलं.

आणि मग एका दुपारी, पहिली पाळी करून आलेला अमोल तिच्या हातचा दुधी-भाकर जेवून उठला आणि मोरीपाशी वाकला, तो सरळ होईना. तीच कळ, तीच उलटी. शेजारचे ओमप्रकाश गाडी काढून धावत आले. त्यांनी अमोलला मागच्या सीटवर झोपवलं आणि वळून पाहिलं, तर रुखमाबाई खाली लावलेल्या स्कूटरची डिक्की उघडून हुंगत होती. समोशाचा कागद, भज्यांचा तेलकट वास, काहीतरी सापडलंच पाहिजे. सापडलं काय, तर एक फडकं आणि तिनेच सकाळी भरून दिलेला, चाटूनपुसून संपवलेला डबा.

"काकू, आधी गाडीत बसा," ओमप्रकाश म्हणाले. एरवी ती त्यांच्यावर खेकसली असती. आज ती डिक्की बंद करून बसली, आणि वाटेत तिने पोराचे हातही हुंगून पाहिले.

"खरं सांग, बाहेर काय खाल्लं?"

"काहीच नाही वं माय," अमोल कण्हत म्हणाला. "तूच देल्लं तेच खाल्लं."

डॉक्टर नंदिनींनी फारसा आवाज चढवला नाही, तेच जास्त झोंबलं. त्या म्हणाल्या, तेल कमी केलंत ते बरोबरच. पण खडा आत असेल तर तो साध्या जेवणावरही घसरू शकतो. आणि इतक्या झपाट्याने वजन उतरवलं, उपास घडवले, की पिशवीत पित्त साचून राहतं, घट्ट होतं, नवे खडे धरतात. सोनोग्राफीत ते दिसत होते. ऑपरेशन तेव्हाच का नाही केलं, असं त्यांनी विचारलं.

कामिनी संध्याकाळी सावनेरहून आली. सासूसमोर उभी राहिली.

"आई, आता सोडा अन्न," ती म्हणाली. "आता तुम्हाले कोणी अडवून नाही राहिलं."

रुखमाबाईने खरंच सोडलं. रागाने की भीतीने, हे तिचं तिलाही कळत नव्हतं. अमोलला तोंडाने काही द्यायचं नाही, नुसती सलाईन. बाहेर बाकावर ती चहावर राहिली. कामिनी रोज शेजारी डबा ठेवायची आणि रोज तो तसाच परत न्यायची.

सूज उतरली तशी डॉक्टर म्हणाल्या, आता पिशवी काढल्याशिवाय घरी सोडणार नाही. कागद पुढे आला. अमोलने पेन घेतलं आणि आईकडे पाहत बसला. कामिनीला संताप आला. मरणाच्या दारातून परत आलेला हा माणूस अजून आईच्या तोंडाकडे पाहत होता.

"माय, तू जेवली नाही ना?" त्याने विचारलं.

रुखमाबाईने बाकावरचा डबा आणला आणि त्याच्या खाटेशी बसून उघडला. तेल लावलेल्या पोळ्या आणि वांग्याची भाजी, वर लाल तर्री. तिने मोठा घास मोडला, तर्रीत बुडवला आणि पोराच्या डोळ्यांत पाहत खाल्ला. मग दुसरा.

"मी जेवून राहिली," ती भरल्या तोंडाने म्हणाली. "तू सही कर."

तिने खालमानेने शेवटची पोळी संपवली, डबा बोटाने पुसून घेतला आणि कामिनीच्या हातात कोंबला.

"तेल लय टाकते वं तू," ती म्हणाली, आणि डोळे पुसायला पदर शोधू लागली. अमोलची सही झाली होती.