मंजुळाअक्काची झडप

सोनगीरच्या अभिमनला आईचा चेहरा आठवत नाही. त्याला वाढवलं थोरल्या बहिणीनं, मंजुळाअक्कानं. लग्नाकार्यात खापरावरचे मांडे करून तिनं दोघांचं पोट भरलं. स्वतःचं लग्न राहूनच गेलं.

पन्नाशीत अक्काला धाप लागू लागली. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयातून रक्त बाहेर सोडणारी झडप नीट मिटत नाही, रक्त परत आत गळतं. छाती उघडून झडप बदलावी लागेल. अक्का दवाखान्यात दाखलही झाली. पण तिच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शेजारच्या खाटेवरची बाई ऑपरेशनला गेली ती परत आलीच नाही. अभिमनचा धीर सुटला. डॉक्टर समजावत राहिले, तरी तो अक्काला घरी घेऊन आला. औषधांवर निभेल, म्हणाला. 

काही वर्षं निभलंही. मग पाय सुजले. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून अक्का भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. अभिमन तिच्याकडे बघायचं टाळायचा. आता डॉक्टर म्हणाले, हृदय ताणून सैल पडलंय, छाती उघडणं झेपणार नाही.

अभिमनची मुलगी हेमांगी मुंबईत नर्स आहे. तिनं चौकशी केली. मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून नवी झडप बसवता येते. पण ती घट्ट बसायला जुनी झडप कडक झालेली लागते. अक्काची मऊच होती, नवी निसटली असती. जुन्या पाकळ्यांना धरून राहणारी एक नव्या प्रकारची झडप मात्र तिला चालणार होती.

मुंबईत ती बसवली. गळती थांबली. अक्का कितीतरी दिवसांनी आडवी होऊन झोपली. पण डॉक्टरांनी अभिमनला स्पष्टच सांगितलं, सैल पडलेलं हृदय पूर्ण सावरणार नाही, आधी यायला हवं होतं.

त्या दिवशी अक्काच्या खाटेजवळ बसून, तिला तेव्हा घरी आणल्याचा दोष स्वतःवर घेत तो म्हणाला, "अक्का, मी तुले घर लई उनू, म्हनीसन हाई व्हयनं."

"तू म्हना म्हनीसन मी उनू नही, भाऊ," अक्का म्हणाली. "मालेच भ्याव वाटे."

त्याच्या म्हणण्यावरून नव्हे, स्वतःच्याच भीतीनं घरी आले, हे ती खरं बोलली की त्याचं मन राखायला, हे अभिमनला अजून कळलेलं नाही. धुळ्याहून घरी आणताना त्यानं तिला विचारलंच नव्हतं.

अक्का आता गावातल्या किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत चालत जाते, वाटेत दम खायला थांबते. आपलं छोटं दुकान तेवढा वेळ बंद ठेवून अभिमन रोज तिच्यासोबत जातो.