स्टेअरिंग जड झालं की

ट्रॅक्टर धड चालला त्या दिवसांचं मला काहीच आठवत नाही. नांगरट झाली, घरी आलो, जेवलो, झोपलो. पण तो बिघडला तो प्रत्येक दिवस आठवतो, कारण त्या दिवशी कुणी ना कुणी धावून आलेलं असायचं. अशी माणसं साठत गेली. आता चहाला बसलो की एकाचं सांगता सांगता दुसरं कुणीतरी आठवतं, आणि चहा गार होतो.

मी भोंगवलीच्या बौद्धवाडीतला. फौजेत ट्रक चालवून परत आलो, तेव्हा आमच्या भागातल्या शेतकी सोसायटीने एक जुना परदेशी ट्रॅक्टर घेतला होता. कुणा बागायतदाराने वापरून सोडलेला. सत्तर साल उलटून गेलं होतं. मोठ्या गाड्यांचं लायसन माझ्याकडे होतं, म्हणून चेअरमन अण्णांनी मला ड्रायव्हर नेमलं. सभासदांची रानं मी नांगरायची, आणि बिघाड झाला की ट्रॅक्टर कापूरहोळला दगडूमिस्त्रींच्या शेडमध्ये न्यायचा, असं ठरलं.

ह्या ट्रॅक्टरला पॉवर स्टेअरिंग होतं. इंजिनावर एक छोटा पंप. तो तेल दाबून पाठवणार, आणि त्या तेलाच्या जोरावर पुढची चाकं वळणार. एका बोटाने स्टेअरिंग फिरायचं. मिस्त्रींनी असलं काही पाहिलं नव्हतं. त्यांनी दोनदा फिरवून बघितलं आणि म्हणाले, "वढायचं काम इंजान करनार, वळायचं काम तेल करनार. मग तू काय करनार?"

"हॉर्न वाजवीन," मी म्हणालो.

"त्यो चालत न्हाई ह्येचा."

*

पंधरा दिवसांत स्टेअरिंग दगडासारखं झालं. मिस्त्रींनी पुढचा अ‍ॅक्सल खोलला. पिना काढल्या, धुतल्या, ग्रीस भरलं, परत बसवल्या. दोन दिवस गेले. स्टेअरिंग होतं तसंच.

तिसऱ्या दिवशी मी इंजिनापुढच्या जाळीमागचा धुरळा फडक्याने पुसत होतो. तिथं डालड्याच्या डब्याएवढी एक पत्र्याची टाकी होती. ती कशाची, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून आम्ही तिच्या वाटेला गेलो नव्हतो. झाकण उघडलं. आत बोट घातलं तर बुडाला नुसता चिकटा.

स्टेअरिंगचं तेल वेगळं असतं, त्याची टाकी वेगळी असते, हे असं कळलं. तेल भरलं आणि एका बोटाने स्टेअरिंग फिरलं.

मिस्त्रींनी टाकीचं झाकण घट्ट लावलं. मग मला बजावलं की हे नाक्यावर कुणाला कळता कामा नये. मी शब्द दिला आणि पाळलाही. संध्याकाळपर्यंत नाक्यावरच्या प्रत्येक ढाब्यावर ते स्वतःच सांगून आले होते.

*

मार्गासनीला भाताची चिखलणी चालू होती. स्टेअरिंग मधेच हलकं, मधेच जड. जड झालं की पुढून किंचाळल्यासारखा आवाज. शेताला लागूनच तुकातात्यांची पिठाची गिरणी. स्वतःच्या गिरणीच्या धडधडाटातूनही त्यांना तो आवाज ऐकू गेला. पिठाने भुवया पांढऱ्या झालेले तात्या चिखल तुडवत बांधावरून आले.

त्यांनी सांगितलं की पंपाचा पट्टा भिजलाय आणि घसरतोय. त्यांच्या गिरणीचा पट्टा पावसाळ्यात असाच ओरडतो. त्यांनी बांधावरचं लाकूड घालून पंप मागे रेटला, मला बोल्ट आवळायला लावले, पट्टा सदऱ्याने कोरडा केला आणि खिशातून चिमूटभर राळ काढून त्याला चोळली. आवाज बंद झाला.

एवढ्यात त्यांना आठवलं की गिरणी चालूच आहे. पळत गेले. एका बाईची नाचणी दुसरीच्या तांदळात दळून गेली होती. तात्यांनी दोघींची माफी मागितली. माझ्यापायी झालं म्हणून मीही मागे जाऊन उभा राहिलो. त्या दोघींनी पीठ अर्धं अर्धं वाटून घेतलं. पुढच्या खेपेला तात्या म्हणाले, "आता त्या मिसळूनच दळाय आणत्यात. भाकरी चांगली व्हती म्हनं."

*

मार्गासनीच्याच हौसाआजी. साठीच्या. विहिरीवरचं डिझेल इंजिन स्वतः हँडल मारून चालू करायच्या.

त्यांच्या रानात ट्रॅक्टर गुरगुरायला लागला. स्टेअरिंग झटके देत होतं. टाकी उघडली तर तेलाला दुधासारखा फेस. मी खाली वाकून सगळ्या नळ्या पाहिल्या, एक थेंब गळत नव्हता. आजी बांधावर बसून ऐकत होत्या.

"हवा धरतोय त्यो," त्या म्हणाल्या. "आमचा पंप असंच करतो. नळीला श्यान लाव."

मी म्हणालो, "आजी, कुठूनच गळत नाही."

"गळंल कसं? ती नळी आत वढती. तेल भाईर यायचं न्हाई, हवा आत जायाची."

मला हसू आलं. आजींनी तिकडे लक्ष दिलं नाही. गोठ्यातून ओंजळभर शेण आणलं, टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या नळीच्या जोडावर थापलं आणि मला इंजिन चालू करायला सांगितलं. थोड्या वेळाने गुरगुर थांबली. फेस बसला. त्या दिवशी आजींचं रान झालं, शेजारची दोन झाली.

कापूरहोळला मिस्त्रींनी वाकून पाहिलं, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. त्यांनी शेण धुतलं, नवी नळी घातली, क्लिप आवळली. पुढच्या आठवड्यात एक ट्रकवाला पंपाची तक्रार घेऊन आला, तेव्हा स्पॅनर हातात घेण्याआधी मिस्त्रींनी त्याला विचारलं, "श्यान लावून बघितलं का?"

*

एक चूक माझी होती, तीही सांगतो.

ट्रॅक्टर आपोआप डावीकडे जायला लागला. भोंगवलीत आमच्याच वाडीशेजारी नांगरत होतो. नांगराची सगळी तासं वाकडी. वडील बांधावर उभे होते, ते पाठ फिरवून घरी गेले. त्यानेच मला जास्त लागलं.

मिस्त्रींनी तेल डावी-उजवीकडे वळवणारा व्हॉल्व्ह खोलला. आत बोटाएवढी पिन मागेपुढे सरकते, ती अडकत होती. मिस्त्रींनी हात मागे घेतला. म्हणाले, "ह्ये माज्या बोटांचं काम न्हाई." आम्ही व्हॉल्व्ह जेवणाच्या डब्यात रॉकेलमध्ये बुडवून भोरला नेला. तिथे घड्याळं दुरुस्त करणारे शांतारामबापू आमच्या नात्यातले. त्यांनी समोरची घड्याळं बाजूला सारली, डोळ्याला भिंग लावलं आणि बराच वेळ चिमट्याने आत शोधत राहिले. शेवटी नखाएवढा लाल धागा बाहेर काढला.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. तेल बदलताना गाळणी मी पुसली होती. बायकोच्या जुन्या लाल लुगड्याच्या फडक्याने. मी कबूल केलं. वाटलं, आता शेडमध्ये पाय ठेवू देणार नाहीत. मिस्त्रींनी परतीच्या वाटेवर भोरच्या बाजारातून एक ब्रश घेतला आणि माझ्या हातात दिला.

घरी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "एवढ्या वर्सांत मला तुमाला वळवाय जमलं न्हाई. माज्या लुगड्यानं ट्रॅक्टर वळवला."

*

शेवटचा बिघाड मे महिन्यातला. वेल्ह्याच्या पलीकडे एका डोंगरवस्तीवर नांगरट चालली होती. पंधरा-सोळा घरं. पाऊस तोंडावर, म्हणून सगळे कौलं चाळत होते. दुपारी सखाराम नावाचा माणूस छपरावरून पडला. मांडीचं हाड मोडलं. सकाळची एसटी गेलेली, दुसरी संध्याकाळी. ट्रॉलीत पेंढा पसरला, पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या. सखारामची बायको मंजुळा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. वस्तीवरची दोन माणसं बरोबर आली.

पहिला उतार संपायच्या आत नळी फाटली. स्टेअरिंगचं सगळं तेल रस्त्यावर. मी आणि एक गडी मिळून स्टेअरिंग ओढून पाहिलं. ते वळलं, पण असा हिसका बसला की सखाराम ओरडला. पुढे सगळी वळणंच होती. मी इंजिन बंद केलं.

फाटलेली नळी टाकीत तेल परत आणणारी होती. तिच्यात दाब कमी. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तारेने आवळली. नळीचं भागलं, पण तेल कापूरहोळला होतं. मी मडगार्डला टेकून उभा राहिलो. फौजेत असताना असा हतबल कधी झालो नव्हतो.

ट्रॉलीतून मंजुळाने विचारलं, "कसलं तेल लागतं?"

मी सांगितलं की ते खास असतं, मशिनचं.

"पन तेलच ना?"

विचारायला मिस्त्री जवळ नव्हते. मी म्हणालो, "तेलच."

तिने एका गड्याला वस्तीवर पिटाळलं. थोड्या वेळाने उतारावरून बायका येताना दिसल्या. कुणाच्या हातात तांब्या, कुणाच्या बाटली, कुणाच्या वाटी. कारळ्याचं तेल. स्वतःच्या रानातलं कारळं घाण्यावर नेऊन वर्षाचं काढून आणलेलं. नवं यायला दिवाळी उलटायची होती. एका म्हातारीने वाटी टाकीवर उपडी केली आणि बुडाचं बोटाने निपटून घातलं.

टाकी भरली. स्टेअरिंग दोन्हीकडे फिरवून हवा काढली. पंप थोडा गुरगुरला, मग स्टेअरिंग हलकं झालं. उतारावर बैलगाडीच्या चालीने, सपाटीवर जरा वेगाने निघालो. मार्गासनी गेली, कापूरहोळ गेलं, दिवे लागायच्या सुमारास भोरच्या दवाखान्यात पोहोचलो. डॉक्टरांनी पाय वाचवला. सखाराम पुढे काठीशिवाय चालला.

आठ दिवसांनी राहिलेली नांगरट करायला मी वस्तीवर गेलो. अण्णांनी सोसायटीतर्फे गोडेतेलाचा भरलेला डबा बरोबर दिला होता. मी पोहोचलो तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. प्रत्येक घरातून धूर निघत होता, भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता. फोडणीचा वास मात्र एकाही घरातून येत नव्हता.

त्या म्हातारीच्या ओट्यावर मी डबा ठेवला. तिने तो हाताने चाचपून पाहिला आणि माझ्याकडे सरकवला.

"गाडीतच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पुन्यांदा कुनी पडलं तर?"