पोच आली, पण निरोप कुणी वाचलाच नाही

जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कॉम्प्युटर खोल्यांत बसणाऱ्या मित्रहो, आजच घडलेलं लिहितो.

सकाळी भामरागडहून वायरलेसवर कळलं, एका बाईला साप चावलाय, तिथली शेवटची लस देऊन झाली, अजून लागेल आणि नदी चढते आहे. लस चंद्रपूरला. फोन बंद, वायरलेसवर पुराच्या निरोपांची रांग. मी गडचिरोलीहून चंद्रपूरच्या कॉम्प्युटरवर निरोप पाठवला, लस जीपने लगेच पाठवा. पडद्यावर पोच आली.

तासाभराने आरोग्य विभागाच्या शेंडेबाई आल्या. "जीप निघाली काय?"

"निघाली असन बाई. पोच आली ना."

"पोच कोनं देल्ली? माणसानं का मशीननं?"

मी पडद्यावरची पोच पुन्हा वाचली. नेटवर्कचे थर प्रशिक्षणात पाठ केले होते. वरचा मजकूर घेतो, त्याखालचा तो नीट पोचला का बघतो, त्याखालचा रस्ता शोधतो, तळाशी छतावरची डिश. पोच दिली ती मधल्या थराने. तो खोटं बोलला नव्हता. वाचणं त्याचं कामच नाही.

रांग मोडून चंद्रपूरच्या पोलिसांना वायरलेस केला. त्यांनी जाऊन पाहिलं, तर तिथली कॉम्प्युटरची खोली कुलूपबंद होती. धूळ जाऊ नये म्हणून आपण सगळेच लावतो, तसं कुलूप. किल्ली ऑपरेटरच्या खिशात आणि ऑपरेटर घरी जेवायला.

वायरलेसमुळे निघालेली लसीची जीप भामरागडजवळचा पूल ओलांडून गेली तेव्हा पाणी हातभर खाली होतं. अर्ध्या तासात पूल बुडाला. बाई शुद्धीवर आहे.

हा निरोप पोचल्याचं मशीन मला सांगेलच. तुम्ही वाचला असेल, तर स्वतःच्या हाताने एक ओळ लिहा. तुमच्या खोलीची दुसरी किल्ली कुणाकडे आहे?