हिकमतच्या शेडमधली माती

वृंदा मूळची मिरजेची, भूल देणारी डॉक्टर. भूल देणाऱ्याने कशावरच डोळे झाकून विसंबायचं नसतं, हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की घरीसुद्धा कुलूप लावल्यावर ती परत जाऊन ओढून बघायची. आयर्लंडमधल्या ॲथलोनला येऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. नवरा केदार तिथल्याच एका टेलिकॉम कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये होता, मुलगी स्वरांगी प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात. कोणी फुलं दिली तरी ही आधी देठ तपासेल, असं केदार म्हणायचा. वृंदाला तो टोमणा वाटत नसे.

शेजारच्या रिकाम्या घरात हिकमत नावाचे इराकी गृहस्थ राहायला आले, तेव्हा नावापासूनच तिच्या मनात पाल चुकचुकली. हिकमती माणूस म्हणजे काय, हे मिरजेच्या मुलीला वेगळं सांगायला नको. सत्तरीचे, ताठ कण्याचे, एकटे. मुलगा गॉलवेला इंजिनियर. हिल्ला नावाच्या गावात गणित शिकवण्यात आयुष्य गेलं, आणि बाबिलोनचे अवशेष गावाला लागूनच आहेत, हे त्यांनी पहिल्याच दिवशी कुंपणापलीकडून सांगून टाकलं. न विचारता माणूस इतकं का सांगतो, असं वृंदाला वाटलं.

स्वरांगी मात्र त्यांच्याकडे रुळली. एक अडलेलं गणित घेऊन गेली, आणि मग शाळा सुटली की तिकडेच. एकदा जेवताना ती अंगठ्याने बोटांची पेरं मोजत बसली, आपल्याकडे जपाला मोजतात तशी. एका हाताच्या चार बोटांची पेरं बारा, दुसऱ्या हाताची बोटं पाच, बारा पंचे साठ. बाबिलोनची माणसं साठाच्या हिशेबाने मोजायची, तासाची साठ मिनिटं त्यांच्याकडून आली. तो हिशेब पेरांवरून सुरू झाला असं काही जण मानतात, पण खात्रीने कुणालाच सांगता येत नाही, असं अंकल म्हणाले होते. हे सगळं स्वरांगी तिच्या आयरिश हेलाच्या इंग्रजीत सांगत होती. वृंदाने मराठीत एवढंच विचारलं, की शिकवताना दार उघडं असतं ना?

"मॅम, ही इज ग्रँड," स्वरांगी तिथल्या पोरांसारखी म्हणाली, म्हणजे आई, ते अगदी छान आहेत, आणि भाताकडे वळली.

दार उघडं असायचं. काहीतरी निमित्त काढून वृंदा ते स्वतः बघून आली होती. तरी तिला चैन पडेना, कारण बाकीच्या गोष्टी जुळत नव्हत्या. हिकमत शॅनन नदीच्या काठावरून बादलीने चिखल आणत. लव्हाळी कापून आणत. मागच्या अंगणातल्या शेडच्या खिडकीला त्यांनी आतून वर्तमानपत्रं चिकटवली होती. आणि दर आठवड्याला पांढरी व्हॅन घेऊन डेक्लन नावाचा एक हसतमुख माणूस यायचा, खोकी भरायचा आणि निघून जायचा. समोरच्या मॉरीनबाई म्हणाल्या, युअर मॅन, म्हणजे हा गडी, जुन्या वस्तूंच्या बाजारात असतो, बोलायला गोड आहे.

शेवटी वृंदा बेसनाच्या वड्यांची बशी घेऊन शेडच्या दारात उभी राहिली. हिकमतनी आनंदाने आत घेतलं. टेबलावर ओल्या फडक्याखाली मळलेली माती होती. लव्हाळ्याचा तुकडा बोरूसारखा तासून त्यांनी तो मातीत टेकवला, तर खिळ्यासारखी एक खूण उमटली. मग दुसरी, तिसरी. बाबिलोनची पोरं अशीच पाढे गिरवायची, म्हणाले. गुरुजी वर ओळ घालून द्यायचे, पोरगं खाली उतरवायचं. चौरसाच्या कर्णाचं गणित त्या लोकांनी असंच मातीवर सोडवून ठेवलं, इतकं नेमकं की आजही फरक जेमतेम सापडतो. पिढ्यान्‌पिढ्या आकाशाच्या नोंदी ठेवून ग्रहण केव्हा येईल, तेही ते सांगू लागले. बोलताना त्यांचा चेहरा फुलला होता. वृंदाचं लक्ष हीटरवर ठेवलेल्या हातभर रांगेकडे होतं. तळहाताएवढ्या गोल वड्या, खुणांनी भरलेल्या.

"आमच्याकडे उन्हात वाळवायचे," हिकमत म्हणाले, "इथे ऊन कुठून आणू?"

खिडकी का झाकली, या प्रश्नावर ते म्हणाले की फटींतल्या वाऱ्याने माती तडकते. खोकी शाळांना आणि संग्रहालयांच्या दुकानांना जातात, ते काम डेक्लन बघतो. उत्तरं सरळ होती. म्हणूनच ती वृंदाला पाठ केल्यासारखी वाटली.

पंधरवड्याने हॉस्पिटलात चहाच्या वेळी एका सर्जनने नुकत्याच विकत घेतलेल्या वस्तूचा मोबाइलवर फोटो दाखवला. बाबिलोनची अस्सल मातीची पाटी, चार हजार वर्षं जुनी, एका इराकी कुटुंबाच्या संग्रहातली. तपकिरी, तडे गेलेली, कडांना माती धरलेली. पण आकार तोच, वर गुरुजींची ओळ आणि खाली पोराची. वृंदाच्या हातातला कप तसाच राहिला.

केदार म्हणाला, आधी त्यांना जाऊन विचार. ती म्हणाली, विचारलं तर माणूस सावध होतो. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जाण्याआधी ती गार्डाच्या, म्हणजे इथल्या पोलिसांच्या, ठाण्यात गेली आणि सगळं सांगून आली.

ते आले तेव्हा ती स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. दोन गार्डा, आणि डब्लिनहून आलेल्या प्राचीन वस्तूंच्या जाणकार बाई. हिकमतनी शेड सताड उघडली, खुर्च्या बाहेर मांडल्या. एक पाटी बाईंनी उचलून तिची कड फिरवून बघितली आणि भुवया आक्रसून बराच वेळ वाचत राहिल्या. मग त्यांनी गार्डांना काहीतरी सांगितलं, आणि दोघे वही मिटून हिकमतशी नुसतेच बोलत बसले.

काय झालं ते वृंदाला ठाण्यातून कळलं. बाबिलोनचे लेखक पाटीच्या शेवटी आपलं नाव घालत. हिकमतही घालत होते, त्याच लिपीत, प्रत्येक पाटीच्या कडेला: हिल्ल्याच्या हिकमतने ही ॲथलोनमध्ये केली. फसवायचं असतं तर त्यांनी ते कशाला कोरलं असतं? सर्जनच्या पाटीवरही तीच ओळ निघाली. डेक्लन पाट्या भाजून, चहाच्या पाण्यात बुडवून, महिनोन्‌महिने खतात पुरून, अस्सल म्हणून विकत होता. त्याच्यावर खटला उभा राहिला. तक्रार केल्याबद्दल गार्डांनी वृंदाचे आभार मानले.

त्याच संध्याकाळी ती हिकमतकडे गेली. त्यांनी दार उघडलं, पण आत या म्हणाले नाहीत.

"तक्रार मी केली होती," वृंदा म्हणाली.

"ठाऊक आहे. शेडमध्ये तुम्ही वड्या घेऊन आलात, त्या दिवशी तुम्ही एकही पाटी हातात घेतली नव्हती. नुसत्या मोजत होतात."

तिने माफी मागितली. डेक्लनबद्दल तुमचा अंदाज बरोबर निघाला, मी इतके दिवस त्याच्यासोबत चहा प्यायलो आणि मला कळलं नाही, असं ते म्हणाले. मग म्हणाले,

"हिल्ल्याला माझ्या धाकट्या भावाबद्दल शेजाऱ्याने असंच जाऊन सांगितलं होतं. त्याला कुणी खुर्चीत बसून प्रश्न विचारले नाहीत. तो परत आला नाही. इथे ते चांगले वागले. पण दारात गाडी थांबली तेव्हा मला ते कुठे माहीत होतं?"

वृंदाने घरी येऊन स्वरांगीला तक्रारीचं सांगितलं.

शेड दोन महिने बंद होती. स्वरांगीने आईशी बोलणं टाकलं होतं, मग हळूहळू हो-नाही एवढं सुरू झालं. वसंतात हिकमतनी तिला परत शिकवायचं कबूल केलं, पण एका अटीवर. शिकवणी वृंदाच्या स्वयंपाकघरात होईल आणि वृंदा समोर बसेल. "नंतर कुणाला कुणाबद्दल प्रश्न नको," एवढंच कारण त्यांनी दिलं.

आता शनिवारी सकाळी ते मातीचा गोळा आणि बोरू घेऊन येतात. वृंदा समोर बसते आणि तिलाही साठापर्यंतच्या खुणा वाचता येऊ लागल्या आहेत. चहा ते घेतात, पण ती ओतत असताना तिच्या हातांकडे बघत राहतात. गणित संपलं की स्वरांगीने गिरवलेली पाटी ते पुन्हा मळून टाकतात. बाबिलोनच्या शाळेत असंच करायचे, म्हणतात, माती वाया घालवायची नाही. मग टेबल स्वतः ओल्या फडक्याने पुसतात, नखाखालची मातीसुद्धा सिंकमध्ये धुतात, गोळा पिशवीत घालतात आणि मागे काही राहिलं नाही ना, ते एकदा वाकून बघून मगच निघतात.