निळा ड्रेस सैल झाला

त्या दुकानाची एक रीत होती. नवराबायकोने ती कधी बोलून ठरवली नव्हती, पण वर्षानुवर्षं पाळली होती. एखादी बाई जुना ड्रेस घेऊन यायची, काउंटरवर ठेवायची आणि नजर भलतीकडे वळवून म्हणायची, "धुताना आटलाय बहुतेक." शिंपी कापड दोन बोटांत धरायचा, उजेडाकडे नेऊन निरखायचा आणि गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "हो, हे कापड आटतंच." बाईच्या खांद्यावरून ओझं उतरल्यासारखं व्हायचं. आत पडद्यामागे शिंपीण ओठ दाबून हसायची. कापड कुठलं आटतंय, बाई वाढलेली असायची. पण शिलाईच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवायचं ते याच दिवसासाठी. शिंपी जुनी टीप उसवायचा, कडेला नवी मारायचा, जुन्या सुईची भोकं वाफेच्या इस्त्रीने बुजवायचा. आरशासमोर माणसाची मान खाली जाऊ नये, एवढं तरी शिंप्याच्या हातात असतं, असं तो म्हणायचा.

शिंपीण स्वतः लहानपणापासून अंगाने भरलेली. तिला त्याचं कधी फार वाटलं नव्हतं. ती मशीनवर बसली की खुर्ची गायब होते, असं तिचा धाकटा भाऊ म्हणायचा, आणि ती हातातली लाकडी पट्टी त्याच्या पाठीत घालायची. भाऊ पाट्या रंगवायचा. दुकानावरची कात्रीची पाटी त्याचीच. केस पिकायला लागले तरी घरात त्याला बारक्याच म्हणत. आईवडील लवकर गेले, तेव्हा शिंपिणीनेच त्याला भरवून मोठा केला होता. त्याने लग्न केलं नाही. दुकानावरच्या खोलीत तो रंगाच्या डब्यांत राहायचा आणि जेवायला खाली यायचा.

आधी त्याच्या पायांवर सूज आली, मग तोंडावर. इस्पितळात सांगितलं, दोन्ही किडन्या संपत आल्यात. डायलिसिस सुरू झालं. शिंपिणीचं रक्त तपासलं, ते जुळलं. त्या दिवशी ती धापा टाकत जिना चढून वर गेली.

"घे," ती म्हणाली. "जन्मभर माझ्या ताटातलं पळवलंस. आता हेही घे."

"ताई, तुझी किडनी माझ्यात मावेल का पण?" बारक्या म्हणाला. "बाहेरून पिशवी शिवून टांगावी लागेल."

दोघं हसली, आणि हसता हसता तिने त्याचा सुजलेला पाय मांडीवर घेतला.

पण डॉक्टरांनी मान हलवली. एवढ्या वजनाच्या बाईची किडनी काढणं तिच्याच जिवावर बेतू शकतं. आधी वजन उतरायला हवं. खाणं आवरायचं, रोज चालायचं आणि दर महिन्याला येऊन वजन करून जायचं. "भाऊ थांबेल," ते म्हणाले, "पण फार नाही थांबणार."

वजनाचा काटा व्हरांड्याच्या तोंडाशी होता, बाकांवर बसलेल्या सगळ्यांसमोर. ती वर उभी राहिली आणि परिचारिकेने आकडा मोठ्याने ओरडून पलीकडच्या टेबलाला सांगितला. बाकांवरची डोकी वर झाली. कुणीतरी खोकल्याआड हसलं. इतकी वर्षं जिने दुसऱ्यांची लाज दुमडून शिलाईत लपवली होती, ती बाई काट्यावर उघडी पडल्यासारखी उभी राहिली. तिथून उतरतानाच तिने मनाशी पक्कं केलं, आता या काट्यावर पाय ठेवायचा तो वजन उतरल्यावरच.

वजन उतरवायची पावडर विकणारी एक जुनी गिऱ्हाईक त्याच सुमारास आली. पडदे शिवायला टाकायला आली आणि पिशवीतून दोन डबे काढून बसली. एकात बियांचा भुसा, दुसऱ्यात हिरव्या गोळ्या.

"सगळं नैसर्गिक आहे हो वहिनी. झाडाचं, पाल्याचं. भूक कशी ती लागतच नाही. मी पण तुमच्याएवढीच होते की."

ती गेल्यावर शिंपी पडदे मोजत म्हणाला, "तिची कंबर मी तिच्या लग्नापासून शिवतोय. आहे तेवढीच आहे."

"तुम्हाला सगळ्यांत खोटच दिसते."

"खोट कुठे म्हणतोय? कंबर म्हणतोय."

शिंपिणीने दोन्ही डबे घेतले. बुडत्याला कोण विचारतो, दोरी कुठल्या दुकानातली आहे म्हणून.

जेवणाआधी मोठ्या पेल्यात भुसा घालून पाणी ओतायचं आणि तो फुगून चिकट व्हायच्या आत घटाघटा संपवायचं. पोटात ओली गोणी ठेवल्यासारखं व्हायचं. गोळ्यांना वाळक्या गवताचा वास. खरं सांगायचं तर भूक थोडा वेळ बाजूला व्हायची, पण दारातून जायची नाही, पायरीवर बसून राहायची. दुपार कलली की ती पुन्हा आत यायची, जास्तच हक्काने. मग शिंपीण चुलीपाशी उभ्यानेच काहीबाही तोंडात टाकायची. पावडर घेतेच आहे की, एवढ्याने काय होतंय, असं स्वतःला समजवायची. चालायला जाणंही मागे पडलं. काम पावडर करत होती ना.

घरात काटा नव्हता. तिने आपला जुना निळा ड्रेस बाहेर काढला. शिंपिणीला काटा कशाला, कपडा सांगेल. आठवड्यातून एकदा ती तो अंगात घालून पाही. काखेत काचायचा, पोटावर ताणायचा. पुढच्या आठवड्यात तेच, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. एका संध्याकाळी ती ड्रेस मांडीवर घेऊन पलंगावर बसली आणि तिचा बांध फुटला.

"माझ्याच्याने होत नाही हो. पोराला मी हातांनी मोठा केला, आणि आता मीच मारणार."

शिंप्याने ड्रेस हळूच तिच्या मांडीवरून उचलला. "चुरगळलाय," म्हणाला. "इस्त्री करून ठेवतो."

त्यानंतर ड्रेस अंगात शिरायला लागला. आधी जरासा, मग पुढच्या महिन्यात चांगलाच. काखेत बोट जाऊ लागलं. शिंपीण तो घालूनच जिना चढली आणि बारक्यासमोर गिरकी घेतली.

"बघ."

"बघतोय," बारक्या उशीला टेकून म्हणाला. "मीही उतरलोय, तेही फुकटात." त्याने पॅन्ट पुढे केली. "कमरेत आत घे जरा. दोरीने बांधून किती फिरू?"

त्याचं अन्न तुटलं होतं. ताट जसं वर जायचं तसंच खाली यायचं. घास तोंडात नेला की लोखंड चावल्यासारखं लागतं, असं तो सांगायचा. "ताई, माझी मेलेली भूक तू घे आणि तुझी मला दे. ही अदलाबदल आपली आपण करू, डॉक्टर कशाला मध्ये?"

तिने पॅन्ट आत घेतली. मग पुन्हा घेतली.

"एकदा काट्यावर जाऊन ये ना," शिंपी तिला म्हणायचा, तेही पाठ फिरवून.

"अजून थोडा सैल होऊ दे. गेले की डॉक्टर थेट हो म्हणायला हवेत."

तो तसाच इस्त्री फिरवत राहायचा, आधीच सपाट झालेल्या कापडावर.

एका सकाळी बारक्याला श्वास घेता येईना. त्याला इस्पितळात नेला. शिंपीण निळा ड्रेस घालूनच मागोमाग गेली आणि न बोलावता काट्यावर चढली. "मोजा," ती परिचारिकेला म्हणाली. "आणि यावेळी मोठ्याने सांगा."

परिचारिकेने काटा पाहिला, टेबलामागच्या बाईकडे पाहिलं आणि आकडा हळूच सांगितला. तो तोच होता. केसाएवढा कमी, म्हणायला.

"काटा बिघडलाय तुमचा."

परिचारिका स्वतः चढून उतरली. काटा ठीक होता.

डॉक्टरांनी तिच्या पिशवीतले डबे हातात फिरवून पाहिले. भुशाने पोट भरल्यासारखं वाटतं, तेही तेवढ्यापुरतं, ते म्हणाले. खाणं आवरलं, पाय हलवले, तर त्याचा जरासा हातभार लागतही असेल. नुसत्या त्याने काही उतरत नाही. गोळ्यांत काय आहे, ते डब्यावरही धड लिहिलेलं नव्हतं. "या बंद करा," ते म्हणाले. मग डबे बाजूला ठेवून तिच्याकडे न बघता म्हणाले, "आता तसाही तो प्रश्न उरला नाही. त्यांचं हृदय फार दमलंय. शस्त्रक्रिया झेपणार नाही."

"मी दर महिन्याला आले असते तर?"

"निदान कळलं असतं. दुसरं काही करून बघता आलं असतं." ते थांबले. "नक्की सांगता येत नाही."

ती तोंड धुवायला गेली. दिव्याचा पांढरा उजेड आरशावर पडला होता. केस मागे घ्यायला तिने हात वर केला, तेव्हा काखेखालून कमरेपर्यंत गेलेला पट्टा तिला दिसला. सगळा ड्रेस धुऊन धुऊन विटलेला आणि तेवढाच पट्टा गडद निळा, दुकानातून आणल्या दिवसासारखा. पट्ट्याच्या कडेला सुईच्या बारीक भोकांची ओळ, वाफेने बुजवलेली. थोडं आत तशीच आणखी एक ओळ. इतकं सफाईचं काम करणारा हात तिला एकच माहीत होता.

घरी आली तेव्हा शिंपी काउंटरमागे उभा होता. तिने कपडे बदलले, ड्रेस उलटा करून त्याच्यासमोर ठेवला आणि नजर भलतीकडे वळवली.

"धुताना वाढलाय बहुतेक," ती म्हणाली.

शिंप्याने कापड हातात घेतलं नाही. "तू रडत होतीस. मला वाटलं, हुरूप आला तर उतरेल."

"हुरूप आला," ती म्हणाली. "म्हणून तर गेले नाही."

एवढंच बोलणं झालं. भांडायलाही काही उरलं नव्हतं. तिने डबे मोरीत रिकामे केले. भुसा पाण्यात फुगून जाळीशी अडकला आणि तिला तो बोटांनी काढावा लागला.

बारक्याला घरी पाठवला. तिथे ठेवून काही करण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी ती ताट घेऊन वर गेली. त्याने दोन घास खाल्ले आणि ताट तिच्याकडे सरकवलं.

"पॅन्ट परत सैल झाली गं."

तिने उशाशी पडलेली पॅन्ट उचलून उलटी केली. कमरेत घेऊन घेऊन मागचे दोन्ही खिसे एकमेकांना टेकले होते. आत घ्यायला कापड उरलं नव्हतं.

"घेते उद्या," ती म्हणाली.

सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. भूक आली, पूर्वीसारखीच, ताठ मानेने, कुणाची परवानगी न घेता. तिने त्याचं ताट ओढून घेतलं आणि भात कालवला. बारक्या उशीवर मान कलती करून बघत राहिला.

"भूक कशी लागते गं?" त्याने विचारलं.

तिचा घास हातातच थांबला. मग ती खात राहिली. खाली मशीन बंद होतं.