काशीत सोडायचं काय

काशीचे सगळे घाट एका फेरीत पाहायचे तर तिकीट काढून बसायची मोठी बोट बरी. पायऱ्या, वाळत घातलेल्या साड्या, चितेचा धूर, पुन्हा साड्या, असं सगळं संथपणे मागे सरकत जातं. पुढच्या बाकावर साताऱ्याकडचं एक जोडपं होतं. काशीला आलं की आवडीचा एखादा पदार्थ कायमचा सोडायचा, ही आपल्याकडची रीत. बाई वळून माझ्या वहिनींना म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी काय सोडलं, विचारा. कारलं! जन्मात कधी तोंडात घातलं नाही."

"सोडलं ना पण?" गृहस्थ म्हणाले. आम्ही सगळेच हसलो.

माणूस नकोसं तेच सोडतो. जपलेल्या गोष्टीला तो हात लावत नाही. आई गेली तेव्हा दादा आला नाही, असं मी वर्षानुवर्षं घरात सांगत आलो. खरं तर त्याला मीच मुद्दाम उशिरा कळवलं होतं. शेवटी आईजवळ मी एकटाच होतो, हे मला मिरवायचं होतं. दादानं ते कधी कुणाला सांगितलं नाही, आणि आता तोही नाही.

मी ते तिथंच वहिनींना सांगितलं.

त्या म्हणाल्या, "भाऊजी, मला सांगून भागायचं नाही. मुलं अजून बापावर रागावलेली आहेत."

मी थोरल्या पुतण्याला फोन लावला.

"काका, झालं का दर्शन?"

"झालं रे. तुझ्या बाबांबद्दल मी तुला खोटं सांगितलं होतं. ऐकतोस ना?"